खरबुजाचं बारसं

रिकामा पाळणा हलवायचा नसतो. हे कळायला शाळा लागत नाही. मी शाळेत गेले ती सही करता येण्यापुरती, आणि पुढे ती सहीही फारशी लागली नाही, कारण कोकंदच्या बाजारात माझा, हामरोखोनचा, शब्द सहीपेक्षा पक्का समजतात. पण रिकाम्या पाळण्याचं माझ्या आईला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि आमच्या गल्लीतल्या मांजरीलाही ठाऊक असावं. ती रिकाम्या पाळण्यात झोपते, पण त्याला हलू देत नाही. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या यंत्राला.

ते रिगाहून लाकडी पेटीत बसून आलं होतं, आणि त्याच्यामागून विमानात बसून वाल्दिस आला होता. वाल्दिस म्हणजे पाळणे घेणाऱ्या दुकानांचा तपासनीस. उंच, पांढराफटक, भुवयासुद्धा पांढऱ्या. कुणीतरी धुऊन वाळत घातला आणि आणायला विसरले असा. यंत्राला लोखंडाचा एक हात होता. त्या हातानं पाळणा धरायचा आणि एका बाळपणाचे सगळे झोके अंधार पडायच्या आत देऊन टाकायचे. शेवटी पाळणा शाबूत राहिला तर वाल्दिस शिक्का मारणार.

त्या शिक्क्यावर आमची शेड टांगलेली होती. माझा नवरा, पाळणे घडवणारा उस्ता मोमीन, गेल्यापासून दोन्ही पोरं त्या शेडवरून भांडत होती. धाकट्या सोबीरनं आणि त्याच्या बायकोनं, मुअत्तरनं, तिथं कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आणली. छपरावर ऊन खाऊन वीज देणाऱ्या काचा बसवल्या, तीही माझी जर्दाळू वाळत घालायची जागा होती. विलोची जितकी झाडं तोडू तितकी कालव्याकाठी परत लावायची असा नियम केला. डोकं दुखवणारा जुना रंग गेला, पाण्यात मिसळायचा आला. प्रत्येक पाळण्यावर एक चौकोनी ठसा. फोन धरला की पाळणा कुठल्या झाडाचा ते सांगतो. थोरला एर्गाश म्हणायचा, "मला घरात कुणी ओळखत नाही, आणि लाकडाला पासपोर्ट!" त्याला तिथं लग्नाचा हॉल बांधायचा होता. शेवटी पलोवच्या ताटाभोवती बसून ठरलं: शिक्का मिळाला तर शेड सोबीरची, नाही मिळाला तर एर्गाशची. मी शब्द दिला होता.

आणि मीच जाऊन त्या लोखंडी हाताला लोंबकळले.

"ओयी, हात काढा," सोबीर म्हणाला. "चालू करायचंय."

"कर की. माझ्यासकट कर."

"ओयी, पाहुणे बघतायत."

"बघू देत. पाळणा रिकामा आहे. रिकामा हलणार नाही."

मागे रंगकाम करणाऱ्या बायकांनी कुंचले खाली ठेवले. पदर सावरून दाराकडे सरकल्या. त्यात दोघी लेकुरवाळ्या होत्या.

तेवढ्यात एर्गाश पुढे आला. माझ्या पोटचा आहे. त्याच्या पोटात काय शिजतंय ते मला ताटात वाढल्यासारखं दिसतं. सकाळपासून तो शेडमध्ये हिंडत होता आणि दर चार पावलांवर मान वर करून तुळईकडे बघत होता. झुंबर कुठं लावायचं ते बघत होता, दुसरं काय. आता त्यानं डोक्यावरची दोप्पी सरळ केली, छातीवर हात ठेवला.

"ओयींचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आपल्या चालीरीती काही आहेत की नाहीत? आज रिकामा पाळणा हलवाल, उद्या काय कराल?"

"एर्गाश-अका," सोबीर म्हणाला, "परवा तुम्ही फोनवर बोलत पायानं पाळणा हलवत उभे होतात. रिकामा."

"तो पाय होता. हे यंत्र आहे."

"गप्प बैस," मी म्हटलं. "तू माझ्या बाजूला आलास की मला वाटतं मीच चुकतेय."

मुअत्तर इतका वेळ कॉम्प्युटरपाशी उभी होती, एक हात पोटावर. सातवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती, त्याबद्दल जास्त सांगत नाही. ती हळूच म्हणाली, "ओयीजोन, लाकूड आहे हो ते. लाकडाला काय कळतं? मी नाही मानत असलं काही."

"तुला कुणी मानायला सांगितलंय? मी मानतेय ना. एका घरात एकीनं मानलं की पुरतं."

"मग शेड गेली."

"गेली तर गेली."

असं म्हणाले खरी. पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग पाण्यात मिसळायच्या रंगासारखा उतरला, आणि मला ते आवडलं नाही. तिच्या पोटातल्या जिवासाठीच मी त्या लोखंडाला धरून बसले होते. पण हे तोंडानं बोलायचं नसतं. बोललं की ऐकणारे ऐकतात.

वाल्दिसनं घसा साफ केला. तो रशियन बोलायचा, आणि मला बाजारापुरती येते. "बाबुश्का," तो म्हणाला, "अडचण काय आहे? रिकामा नको, तर भरलेला चालेल. उलट बरंच. आमच्याकडे वाळूची पिशवी ठेवतात."

"आधी मला आजी म्हणू नकोस, तुझ्याएवढा जावई आहे मला. आणि पाळण्यात वाळू? माती घालायची जागा वेगळी असते, बाबा, आणि तिला पाळणा म्हणत नाहीत."

"बाहुली?"

"बाहुलीत काय येऊन बसेल सांगता येतं?"

"मग... खरं मूल?"

सगळ्या बायकांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागे सरला आणि भुशाच्या ढिगात बसला. भुसासुद्धा आता वाया जात नाही, त्याच्या वड्या पाडून थंडीत शेड तापवतात. पण बसायला काही वाईट नाही.

तोडगा निघाला तो एर्गाशच्या बायकोकडून, आणि हेच मला पटायला वेळ लागला. मलोहत रंगकामाच्या बायकांची मुकादमीण. नवऱ्याचा हॉल झाला तर ती दारात सोन्याच्या धाग्याचा झगा घालून पाहुण्यांचं स्वागत करणार होती. झगा शिवायला टाकलेला. ती पाहुण्यांच्या जेवणासाठी आणलेलं खरबूज कडेवर घेऊन चालली होती. लांबट, पिवळं, जाळीच्या सालीचं, धष्टपुष्ट. हातात नव्हे हं, कडेवर. वजनच तसं होतं. दारात उभी राहून ऐकत होती आणि ऐकता ऐकता त्याला थोपटत होती. आम्ही सगळ्यांनी एकदमच ते पाहिलं.

"नाही," एर्गाश म्हणाला.

"का नाही?" सोबीर म्हणाला.

मी खरबूज हातात घेतलं, उलटसुलट केलं. वेलीवर जन्मलेलं. बेंबी आहे. मातीतून वर आलेलं, मातीत जायचं नाही. देवाचं लेकरू म्हणायला हरकत नव्हती.

"चालेल," मी म्हटलं. "पण या घरात जो पहिल्यांदा पाळण्यात निजतो, तो असाच निजत नाही. बारसं करून निजतो."

"ओयी, वेळ नाही!"

"वेळ तुझ्या कॉम्प्युटरला मोजू दे. मलोहत, इसिरिकची जुडी पेटव, दृष्ट लागायला नको."

मग काय विचारता. बायका धावल्या. दाराकडे सरकलेल्या दोघी सगळ्यांत आधी धावल्या. नान आले, साखर आली, अक्रोड आले, सात घरच्या बायका आल्या, कारण इसिरिकचा धूर भिंतीपलीकडे गेला की आमच्या गल्लीत आमंत्रण लागत नाही. खरबुजाला धुऊन पुसून लंगोट बांधला. मी त्याला पाळण्यावर आडवं धरलं, मुद्दाम उलटं, देठ पायाकडे, आणि रीतीप्रमाणे विचारलं, "असं निजवू?"

"नाही!" बायका ओरडल्या.

"हो!" वाल्दिस म्हणाला.

"याला बाहेर काढा कुणीतरी," मी म्हटलं. पण हसू मलाही आवरेना. "असं निजवू?"

"नाही! नाही!"

"मग असं?"

"हो!"

देठ उशीकडे. झोपलं शहाण्यासारखं. मग नळीचा प्रश्न आला. आमच्या पाळण्याला मधोमध भोक असतं. तिथून एक लाकडी नळी खालच्या मडक्यात सोडतात, म्हणजे मूल कोरडं राहतं. मुलाची नळी वेगळी, मुलीची वेगळी. आणि खरबूज मुलगा की मुलगी?

"मुलगा," एर्गाश म्हणाला. भांडणात हरत असला तरी पुतण्या हवा.

"मुलगी," मलोहत म्हणाली. "इतकं गोड दिसतंय."

"तुझी बाजू कुठली गं?" एर्गाश बायकोवर खेकसला.

"तुमच्या हॉलमध्ये मला वर्षभर दुसऱ्यांच्या लग्नात उभं राहायचंय. आज आपल्या घरचं कार्य आहे, बसू द्या मला."

वाल्दिस वाकून नळीकडे बघत होता. "हे काय आहे? आराखड्यात याला नुसतं 'भाग अकरा' लिहिलंय. आम्हाला वाटलं, शोभेचं आहे."

सोबीर लाल झाला. मुअत्तर छताकडे बघू लागली. म्हटलं, द्या इकडे, मी सांगते. आणि खुणा करून सगळं सांगितलं, वरपासून मडक्यापर्यंत.

वाल्दिसनं मडकं उचलून पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे फेकायचे लंगोट नाहीतच?"

"फेकायचे कशाला? तुमच्याकडे मूल मोठं होईपर्यंत कचऱ्याचा डोंगर करतं आणि मग मोठं होऊन डोंगर कसा हटवायचा यावर सभा घेतं. आमच्याकडे मडकं जर्दाळूच्या बुंध्याशी ओततात."

त्यानं असं काही भराभरा लिहून घेतलं की माझ्या हयातीत माझं बोलणं कुणी इतक्या आदरानं उतरवून घेतलेलं नाही. छपरावरच्या काचांसाठी पोरांनी जीव टाकला, आणि त्या माणसाचं मन गेलं मुताच्या नळीवर!

यंत्र सुरू झालं. लोखंडी हात पुढे, मागे. खरबूज मजेत झोके घेऊ लागलं. बायकांनी कुंचले उचलले. एर्गाश कोपऱ्यात जाऊन चहा पीत बसला, आणि मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मुअत्तरचा फोन वाजला. मग सोबीरचा. मग माझा, मलोहतचा, एर्गाशचा. कोरियात कामाला गेलेल्या माझ्या भाच्याचाही तिकडे वाजला असणार. सगळ्या फोनांतून एकच आवाज येत होता, आणि तो मुअत्तरचाच होता:

"बाळ श्वास घेत नाहीये. बाळ श्वास घेत नाहीये."

ती त्या पाळण्याची करामत. मुअत्तरनं बाळाच्या छातीवर बांधायचा एक पट्टा केला होता. तो श्वास ओळखतो, रडू ओळखतो, हसू ओळखतो आणि घरच्यांना कळवतो. निरोप तिनं स्वतःच्या आवाजात भरलेले. खरबुजालाही तो बांधला होता, कारण वाल्दिसला पाळणा सगळ्या अंगानिशी तपासायचा होता; पट्टा काढला तर तो वेगळा माल. आणि पाळण्यात वजन असेपर्यंत पट्टा बंदही करता येत नव्हता. आळशी बापांनी बंद करून झोपू नये म्हणून तसं केलेलं.

"खरबूज आहे!" सोबीर फोनवर कोरियाला ओरडून सांगत होता. "रडू नकोस! खरबूज आहे रे!"

हसत होतो आम्ही सगळे. मीसुद्धा. आणि मग मी मुअत्तरकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. तिला ठाऊक होतं आत काय आहे. लंगोट तिच्याच हातानं बांधलेला. नंतर तिनं मला सांगितलं, "ओयीजोन, डोक्याला माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं." पाय धावले. तिनं उघड्या हातानं तो लोखंडी हात धरला, यंत्र किंचाळून थांबलं, आणि ती खरबुजाला पाळण्यात बांधलेल्या दोऱ्या सोडायला लागली. गाठ सुटेना. तिचा स्वतःचा आवाज तिला प्रत्येक खिशातून सांगत होता, बाळ श्वास घेत नाहीये.

शेडमध्ये कुणाचं हसू उरलं नाही.

"यंत्र थांबलं," वाल्दिस अपराध्यासारखा म्हणाला. "चहा पिऊन होईल एवढ्या वेळात सुरू झालं नाही, तर तपासणी रद्द. आणि माझं विमान आजचं आहे."

एर्गाशनं चहाचा पेला तोंडाला लावला आणि, माझ्या दुधाची शपथ, इतक्या भरभर त्यानं आयुष्यात चहा प्यालेला नाही.

त्याच क्षणी दारात भोंगा वाजला. पाळण्यानं रुग्णवाहिकाही बोलावली होती. डॉक्टरीणबाई पेटी घेऊन धावत आत आल्या.

"मूल कुठाय?"

"खरबूज आहे," सोबीर म्हणाला.

"मी नाव नाही विचारलं. मूल कुठाय?"

दाखवलं. बाईंनी लंगोटाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, वाल्दिसकडे पाहिलं, मग पेला धरून नवरोबासारख्या उभ्या एर्गाशकडे पाहिलं. "कागदावर काय लिहू मी?"

"पिकलंय म्हणून लिहा," मलोहत म्हणाली.

बाई चिडल्या असत्या, पण त्यांचं लक्ष मुअत्तरकडे गेलं. न विचारता तिला बाकावर बसवलं, पोटावर यंत्र लावलं. आणि त्या भुशाच्या, रंगाच्या वासात एक नवाच आवाज आला. टप टप टप टप. घोडा पळावा तसा.

"हा तुमचा," बाई म्हणाल्या. "धडधाकट. त्याला त्या खरबुजाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही मात्र आता उठायचं नाही."

मुअत्तर रडली. सोबीर रडला. वाल्दिसनं चष्मा पुसला. मी रडत नाही, मी कामाला लागते.

एर्गाशच्या पेल्यात घोटभर उरला होता. मी आधी त्याच्याकडे गेले आणि किटली उचलून त्याचा पेला काठोकाठ भरला. आमच्याकडे पेला काठोकाठ भरणं म्हणजे पाहुण्याला निरोप देणं. त्याला कळलं. डोळे खाली गेले.

"ओयी, तुम्ही तर माझ्या बाजूला होतात."

"मी पाळण्याच्या बाजूला होते. तू मध्ये उभा होतास."

मग मी खरबुजाच्या छातीवरचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या छातीवर, झग्याखाली, बांधला. खरबूज जागच्या जागी नीट निजवलं. स्टूल ओढलं आणि पाळण्याला खेटून बसले.

"पट्टा आहे, पाळण्यात वजन आहे, श्वासही आहे," मी वाल्दिसला म्हटलं. "श्वास कुणाचा असावा, असं तुझ्या नियमात लिहिलंय?"

त्यानं नियम चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. "नाही," तो म्हणाला. जरा खूशच झाला होता. "असं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही."

"मग लाव."

लोखंडी हात पुढे, मागे. सगळ्या फोनांतून मुअत्तरचा आवाज आला, "बाळ शांत आहे."

आणि तशीच बसले मी, ऊन उतरेपर्यंत. डॉक्टरीणबाई पलोव खाऊन गेल्या. मध्ये माझा डोळा लागला, तेव्हा घरभर वर्दी गेली, "बाळ झोपलं आहे," आणि गल्लीत म्हणे सगळे पाय न वाजवता चालत होते. एकदा एर्गाश हळूच मलोहतला सांगत होता, की झुंबर आता रद्द करावं लागेल, आगाऊ सांगून ठेवलेलं. माझ्या छातीत जाळ उठला. लगेच सगळ्या खिशांतून: "बाळ चिडलं आहे. बाळाला उचलून घ्या."

"घेता का उचलून?" मलोहतनं नवऱ्याला विचारलं.

तो आला. उचललं नाही, पण स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. बराच वेळ त्या हलणाऱ्या पाळण्याकडे बघत राहिला. त्याच्या बापानं त्याच्यासाठी केलेला पाळणा असाच कुरकुरायचा. तो एकच सांधा उस्ता मोमीनला कधी जमला नाही. लेथवरचा हा कुरकुरत नव्हता.

"आवाज नाही याला," एर्गाश म्हणाला.

"नाही."

"अब्बांच्याला होता."

"तुझ्या अब्बांनाही होता. तू त्यांच्यावर गेलास."

अंधारायच्या आत यंत्र आपणहून थांबलं. वाल्दिसनं पाळणा उलटा केला, सुलटा केला, सांध्यांत नख घालून पाहिलं आणि शिक्का मारला. सोबीरनं त्याला मिठी मारली. बायकांनी साखर उधळली. आणि वाल्दिस, दिवसभराचा उपाशी, कारण पलोवमध्ये मांस होतं आणि तो मांस खात नाही हे त्यानं लाजून शेवटपर्यंत सांगितलं नाही, ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "आता ते खरबूज कापायचं ना?"

एर्गाशनं सुरी उचलली. पाहुण्यानं मागितलं की नाही म्हणायचं नसतं.

"हात लावाल तर बघा, अका!"

बाकावरून उठायची मनाई असलेली माझी सून उठली होती. लाकडाला काही कळत नाही म्हणणारी. ती मध्ये आली, खरबूज उचललं, पोटाच्या बाजूला आडवं धरलं आणि देठावर आपल्या पदराचं टोक ओढलं.

"पाळण्यात घातलंय आपण त्याला," ती म्हणाली. "दिवसभर निजलंय ते. कापायचं काय?"

वाल्दिसनं माझ्याकडे पाहिलं. एर्गाशनं सुरी पाठीमागे लपवली. आणि मला आतून असं काही उकळून आलं की आवरेना. छातीवर पट्टा अजून तसाच होता.

"बाळ हसतंय," सगळे फोन एकदम म्हणाले. "बाळ हसतंय."

उस्ता मोमीन गेल्यापासून मी हसले तर या घरात कुणाला पत्ता लागत नसे. त्या दिवशी कोरियापर्यंत कळलं.